राष्ट्रीय कलासंग्रहालय व आमच्या चित्रित पोथ्या

मराठवाड्यांतील पोथीसंग्राहकांत हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. ज्या पोथींत चित्रें आहेत ती ग्रंथ समजून एखाद्या ग्रंथसंग्रहास द्यावी, कीं कलाकृति समजून राष्ट्रीय कलासंग्रहालयासारख्या संस्थेकडे धाडावी? हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा नागनाथ या पांच तालुक्यांच्या टापूंत ज्यांस जुन्या बाडांचा नाद आहे, त्यांस हा प्रश्न केव्हांना केव्हां पडतोच. त्यास एका वाक्यांत उत्तर देणारे गृहस्थहि पुष्कळ भेटतात. परंतु असें संग्रहालय कसें निर्माण झालें, राष्ट्रीय हें विशेषण त्यास कोणत्या अर्थानें लागलें, आणि त्याच्या संग्रहाची सीमा कोठें आंखली आहे, हें पाहिल्यावांचून दिलेलें उत्तर निराधार होय. म्हणून प्रस्तुत लेखांत प्रथम या संस्थेचा इतिहास, नंतर तिच्या संग्रहाचें स्वरूप, आणि शेवटीं आमच्या पोथ्यांशीं तिचा संबंध, या क्रमानें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. चित्रशाला हा शब्द व ती कल्पना

चित्रशाला हा शब्द आमच्या वाङ्मयास नवा नाहीं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त राजाच्या दृष्टीस मालविका प्रथम पडते ती चित्रांतच. आणि भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक तर सर्वस्वीं चित्रदर्शनावरच उभारलेला आहे. 'विष्णुधर्मोत्तर' पुराणांतील चित्रसूत्र हें या विषयाचें शास्त्र होय. पण आमच्या प्रांतास याहून जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि'. इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिद्ध झालेल्या या ग्रंथांत भिंतीची सिद्धता, वज्रलेप, लेखणी, रंग व रेषा यांचें विवेचन आहे. इतकेंच नव्हे, तर चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचाहि त्यांत उल्लेख आहे. ज्या मुलखावर या चालुक्यांची सत्ता होती त्यांतच हा गोदावरी-पैनगंगेमधील प्रांत मोडत असे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें प्रयोजन पडणार आहे.

तथापि त्या काळची चित्रशाला राजाची असे. जो राजद्वारीं जाऊं शके तोच ती पाहूं शके. देवालयाचें तसें नव्हतें. औंढ्याच्या नागनाथाच्या मंदिराचा ताराकृति जोता आणि त्यावरील देवदेवतांचे व सुरसुंदरींचे शिल्पपट हें यादवकालीन दालन प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकास खुलेंच होतें. त्याचा वरचा भाग मागाहूनचा आहे. तेथील जीर्णोद्धाराशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव जोडलेलें आहे. म्हणजे लोकांनीं पाहावी अशी कला आमच्याकडे होती. परंतु ती जागच्या जागीं होती, व ज्या विधीसाठीं ती निर्माण झाली त्या विधीसह ती पाहिली जात असे. वस्तु मूळ स्थानापासून वेगळी काढावी, दुसऱ्या वस्तूंशेजारीं ठेवावी, तिजखालीं चिठ्ठी लावावी आणि ती राष्ट्राच्या नांवें जतन करावी, ही कल्पना मात्र सर्वथा अर्वाचीन होय.

महाराष्ट्रांत चित्रशाला हा शब्द घरोघर पोंचविला तो पुण्याच्या छापखान्यानें. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं चित्रशाळा नांवाचा छापखाना काढला, आणि शिळाछापाचीं रंगीत चित्रें भिंतीभिंतींवर लागलीं. वस्तुसंग्रहाच्या अर्थानें पहिलें मोठें काम मराठी राजांकडून झालें तें बडोद्यास. सयाजीराव गायकवाडांच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत १८९४ सालीं तयार झाली. तिच्या शेजारची चित्रशाला १९१४ सालीं बांधून पुरी झाली होती. परंतु महायुद्धामुळें विलायतेंत खरेदी केलेलीं चित्रें येण्यास विलंब झाला, व ती १९२१ सालीं उघडली. साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं औंधास भवानी चित्रसंग्रहालय स्थापिलें. आमच्या औंढ्याचा व या औंधाचा नामसादृश्यामुळें घोंटाळा होतो, तो होऊं नये म्हणून हें स्पष्ट केलें.

आमचा प्रांत त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. तेथें १९१४ सालीं पुरातत्त्वखातें निघालें व गुलाम यझदानी हे त्याचे पहिले संचालक झाले. वेरूळ-अजिंठ्यापासून तों तेलंगणांतील मंदिरांपर्यंत सर्वांची व्यवस्था या एकाच खात्याकडे असे. सालारजंग घराण्यांतील तिसरे सालारजंग १९४९ सालीं निवर्तल्यावर त्यांचा प्रचंड संग्रह १९५१ सालीं लोकांस खुला झाला, आणि १९६१ सालीं संसदेच्या कायद्यानें त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविण्यांत आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाचें स्वतंत्र अस्तित्व संपलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. या फेरफारांचा संग्राहकास व्यवहारांतील अर्थ असा कीं, आमच्या भागांतील वस्तु व कागद यांचा माग काढावयाचा तर हैदराबाद, मुंबई, परभणी व हिंगोली अशा चार ठिकाणांचें भान ठेवावें लागतें.

२. दिल्लीचें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय

स्वराज्य मिळाल्यावर राष्ट्राची म्हणून एक चित्रशाला असावी हा विचार मूर्त झाला तो दिल्लीस. २९ मार्च १९५४ रोजीं उपराष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें, पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितींत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचें उद्घाटन झालें. त्यास जागा मिळाली ती जयपूर हाऊसची. जयपूरच्या महाराजांसाठीं १९३६ सालीं बांधलेल्या या वाड्याची आंखणी पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी असून मध्यावर घुमट आहे. त्यास लागून नवी इमारत झाली ती २००९ सालीं.

येथें एक गोष्ट मराठी वाचकास आवर्जून सांगण्यासारखी आहे. या संग्रहालयाचे पहिले अध्यक्ष हर्मन गोट्झ हे जर्मन पंडित; आणि ते आले होते बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयांतून. गायकवाडांच्या पदरीं चालविलेल्या संग्रहाचा अनुभव राष्ट्राच्या संग्रहास उपयोगी पडला, असें म्हणण्यास त्यामुळें आधार आहे.

प्रारंभीं या संस्थेची मुख्य मत्ता म्हणजे अमृता शेरगिल यांचीं चित्रें. १९१३ सालीं जन्मलेल्या या चित्रकर्तीस १९४१ सालींच मृत्यु आला. तिच्या चित्रांपैकीं मोठा भाग तिच्या पतीच्या व पित्याच्या देणगीनें राष्ट्राकडे आला. त्यापुढें रवीन्द्रनाथ, अवनीन्द्रनाथ व गगनेन्द्रनाथ हे ठाकूर, नंदलाल बसु, जामिनी राय, राजा रविवर्मा यांचीं चित्रें व रामकिंकर बैज प्रभृति मूर्तिकारांचीं कामें जमत गेलीं. देवीप्रसाद रायचौधुरी यांचा श्रमिकांचा शिल्पसमूह संग्रहालयाच्या आवारांतच उभा आहे. टिली केटल, टॉमस डॅनियल इत्यादि हिंदुस्थानांत आलेले विलायती चित्रकार, कंपनी सरकारच्या अमदानींतील देशी कारागिरांचीं चित्रें, कालीघाटचे पट व तंजावरी चित्रें हींहि संग्रहांत आहेत. सर्व मिळून संख्या सतरा हजारांच्या घरांत जाते.

मराठी मुलखाशीं संबंध असलेले कलावंत या परंपरेंत थोडे नाहींत. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे मुंबईच्या कलाशाळेचे. त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन या संस्थेच्या मुंबई शाखेंत २०१८ सालीं झालें. १९४७ सालीं मुंबईस जो प्रागतिक चित्रकारांचा संघ निघाला, त्यांत शिल्पकार सदानंद बाकरे होते, अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचे हरी अंबादास गाडे होते, आणि पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन होते. नागपुरास जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे त्या संघाच्या निकटचे. त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ सालीं भरविलें. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचेंहि स्मरण येथें केलें पाहिजे.

३. मुंबईची शाखा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस दिल्लीपेक्षां मुंबईच सोयीची. तेथील शाखा कावसजी जहांगीर सभागृहांत आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीनें व जॉर्ज विटेट या स्थपतीच्या आराखड्यानें हें सभागृह १९११ सालीं बांधलें गेलें. गायनाच्या बैठकी व राजकीय सभा यांनीं तें एके काळीं गजबजलेलें असे. पुढें त्याचें महत्त्व उतरत गेलें. मुष्टियुद्धें व लग्नसमारंभ यांसाठीं तें भाड्यानें जाऊं लागलें. मुंबईच्या कलावंतांनीं व कलाप्रेमी नागरिकांनीं चिकाटी धरिली म्हणून तें राष्ट्रीय संग्रहालयास मिळालें. आणि सुमारें बारा वर्षांच्या कामानंतर, १९९६ सालीं, तेथें चित्रें लागलीं. बाहेरचें दगडी कवच तसेंच ठेवून आंत अर्धवर्तुळाकार सज्जे चढवीत नेले आहेत. प्रेक्षक जिन्यानें एकेक टप्पा चढत शेवटीं घुमटाखालीं पोंचतो. जुनी वास्तु न पाडतां तिला नवा उपयोग कसा द्यावा, याचें हें चांगलें उदाहरण होय.

या इमारतीच्या समोर, रस्त्यापलीकडे, छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याचाहि स्थपति विटेटच. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम या नांवानें त्याची पायाभरणी १९०५ सालीं झाली, व १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ सालीं त्याकडे आला. नंतर सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह आले. पोथ्यांतील लघुचित्रें, ताम्रपट, मूर्ति व नाणीं पाहावयाचीं तर तेथें जावें; धुरंधर, गायतोंडे, बरवे पाहावयाचे तर रस्ता ओलांडून इकडे यावें. जुनें चित्र व नवें चित्र यांमधील सीमा मुंबईंत एका रस्त्याच्या रुंदीएवढी आहे!

४. ही सीमा कोठें आंखली आहे?

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मर्यादा साधारणपणें इसवी सनाच्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची मानितात. त्याआधींचें जें तें पुरातत्त्वसंग्रहालयांकडे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाईंच्या नांवाची कलाशाळा १८५७ सालीं निघाली, हें लक्षांत घेतलें म्हणजे या सीमेचें मर्म कळतें. ज्या क्षणीं चित्रकार शाळेंत शिकूं लागला, चित्रावर स्वतःचें नांव घालूं लागला व चौकट लावून तें भिंतीवर टांगूं लागला, त्या क्षणापासून राष्ट्राची आधुनिक चित्रशाला सुरू होते. आणि आमचे पोथीसंग्राहक साधारणपणें जेथें थांबतात तें ठिकाणहि हेंच. पोथी छापखान्यांतून निघूं लागली, लेखक-लिपिक मागें पडला, व संग्राहकाची आस्था संपली. एकाचा जेथें शेवट तेथें दुसऱ्याचा आरंभ.

परंतु वस्तुस्थिति अशी नीटनेटकी नाहीं. छापखाना आल्यावरहि हातानें पोथी लिहिण्याची व रंगविण्याची चाल खेडोपाडीं पुष्कळ वर्षें टिकली. तसेंच चित्रकथींचें. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर, व ज्यांचीं चित्रें पैठणी या नांवानें ओळखलीं जातात ते कथेकरी, यांचे रामायण-महाभारतांतील प्रसंगांचे कागद एकोणिसाव्या शतकांत व नंतरहि वापरांत होते. पिंगुळीस चित्रांचे दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटवितात, आणि एका आख्यानाच्या अशा संचास पोथी हेंच नांव देतात. ज्या संचांत वाचावयास अक्षर नाहीं त्यास पोथी म्हणणारी परंपरा एकीकडे, व चित्र असलेल्या पोथीस केवळ चित्र म्हणणारा बाजार दुसरीकडे. यांपैकीं शहाणपण कोणाकडे आहे तें वाचकांनींच ठरवावें. 'मानसोल्लासां'तील चित्रकथकाचा उल्लेख आम्हीं वर केला तो याचसाठीं. बाराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत जी रीत चालत आली, ती १८५० च्या रेघेनें दुभंगत नाहीं. पैठणी चित्रांचा उत्तम संग्रह पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं केला. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलें सर्व धन पुढें महाराष्ट्र शासनास दिलें.

५. राजधानीस नेलेली वस्तु सुरक्षितच असते काय?

कित्येकांचें म्हणणें असें कीं, खेड्यांत वाळवी, पाऊस व अनास्था. तेव्हां वस्तु मोठ्या शहरीं गेलेली बरी. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून कित्येक वर्षें अजिंठ्यास राहून भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या हिंदी विद्यार्थ्यांकडून पुनः नकला करविल्या. त्याहि लंडनास गेल्या. १८८५ सालच्या आगींत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. अजिंठ्याचीं मूळ भित्तिचित्रें, कितीहि झिजलीं तरी, आज अजिंठ्यासच आहेत. हैदराबादच्या पुरातत्त्वखात्यानें १९२० नंतर इटलींतील दोन तज्ज्ञ आणून त्यांची डागडुजी करविली, व यझदानींच्या संपादनाखालीं त्यांचे चित्रग्रंथ १९३० पासून प्रसिद्ध झाले.

यावरून मोठीं संग्रहालयें निरुपयोगी ठरतात असें आमचें म्हणणें नाहीं. आज अग्नि, आर्द्रता व कीटक यांपासून रक्षणाचीं साधनें त्यांच्याकडे आहेत, तीं खासगी घरीं असणें शक्य नाहीं. बोध इतकाच कीं, वस्तु कोठें ठेविली यापेक्षां तिची नोंद किती ठिकाणीं आहे यावर तिचें आयुष्य अधिक अवलंबून असतें. ग्रिफिथ्सच्या जळालेल्या चित्रांसंबंधीं आज जें सांगतां येतें तें त्यांच्या याद्या व १८९६ पासून छापलेले त्यांचे ग्रंथ यांवरून. जी पोथी नोंदीवांचून नाहींशी झाली तिच्याविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं.

६. पोथी फोडली म्हणजे काय नाहींसें होतें

चित्रसंग्राहकांची मागणी वाढल्यापासून एक अनिष्ट चाल पडली आहे. सप्तशतीची, भागवताची अथवा गीतेची चित्रित पोथी हातीं आली कीं तिचीं सचित्र पत्रें वेगळीं काढावयाचीं, प्रत्येक पत्र चौकटींत घालून लघुचित्र म्हणून विकावयाचें, आणि चित्र नसलेलीं पत्रें रद्दींत टाकावयाचीं. यांत तोटा केवळ ग्रंथाचा होतो असें चित्रप्रेमीयांस वाटतें. वास्तविक चित्राचाच तोटा अधिक होतो. तो कसा तें पाहूं.

चित्र कोणत्या प्रसंगाचें हें त्याच्या पाठीमागील किंवा आधींच्या पत्रावरील मजकुरानें कळतें. चौकटींत घातलें कीं पाठ दिसेनाशी होते. पत्रांक समासांत असतो. चौकटीसाठीं समास कापला कीं पत्रांक गेला, व तें पत्र कितवें हें पुनः ठरवितां येत नाहीं. हिंगुळानें केलेल्या खुणा व हरताळ फांसून केलेल्या दुरुस्त्या यांवरून लिपिक एक कीं दोन, पोथी पुढें कोणी वाचली कीं नाहीं, हें उमगतें. आणि सर्वांत महत्त्वाची ती पुष्पिका. लिपिकाचें नांव, गांव, यजमान, शक, संवत्सर, मास, तिथि हें सर्व शेवटच्या पत्रावर. आणि त्या पत्रावर बहुधा चित्र नसतें! म्हणजे बाजारास जें पत्र टाकाऊ वाटतें, नेमकें तेंच चित्राचें जन्मपत्र असतें. चित्रकाराचें नांव व साल यांशिवाय आधुनिक संग्रहालयाची चिठ्ठी पुरी होत नाहीं. आणि तीं देणारें एकमेव पत्र आपण फेंकून देतों.

पुष्पिकेंतील मिति खरी कीं मागाहून घातलेली, याची एक सोपी परीक्षा संग्राहकांनीं पाठ करून ठेवावी. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तितकावा, प्रभवापासून मोजून, संवत्सर आपल्या दक्षिणेकडील गणनेनें येतो. बाकी शून्य उरल्यास साठावा, क्षय, समजावा. उदाहरणार्थ, शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळवितां १६०८; साठांनीं भागितां बाकी ४८; अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. शक व संवत्सर यांचा असा मेळ बसला नाहीं तर लिपिकाचा प्रमाद, उत्तरेकडील गणना, गत व वर्तमान शकांचा भेद, किंवा बनावट, यांपैकीं काय तें शोधावें. मेळ बसला म्हणजे पोथी खरीच असेंहि समजूं नये. तथापि पहिली चाळणी म्हणून ही रीत उपयोगी आहे. सुट्या चित्रास मात्र ही परीक्षाहि लावितां येत नाहीं.

७. कायद्याची दृष्टि

या बाबतींत १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि कायदा संग्राहकांनीं जाणून घेणें अवश्य आहे. १९७६ पासून तो अंमलांत आला. त्यांत पुरावस्तु ठरण्यास सामान्यतः किमान १०० वर्षांचें वय लागतें. परंतु शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या महत्त्वाचें हस्तलिखित असेल तर ७५ वर्षें पुरतात. राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ सालीं सुरू झालें, त्यानेंहि हस्तलिखितासाठीं ७५ वर्षांचीच मर्यादा धरिली. म्हणजे स्वराज्यप्राप्तीच्या सुमारास हातानें लिहिलेली महत्त्वाची पोथीहि आज या व्याख्येंत बसूं शकते. जुनी नाहीं म्हणून तिची हेळसांड करण्याचें कारण उरलेलें नाहीं. अशी वस्तु परदेशीं पाठविण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे, व तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो.

त्याच कायद्यांत कलानिधि म्हणून दुसरा वर्ग आहे. जें पुरावस्तु नाहीं, ज्याचा कर्ता हयात नाहीं, व ज्यास केंद्रसरकारनें तसें घोषित केलें, तें कलानिधि. अशा घोषणेनें ज्यांच्या कृतींस संरक्षण मिळालें ते चित्रकार नऊ: रवीन्द्रनाथ, अवनीन्द्रनाथ व गगनेन्द्रनाथ ठाकूर, नंदलाल बसु, जामिनी राय, शैलोज मुखर्जी, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा व निकोलस रोरिख. यांत मराठी मातृभाषेचा एकहि नाहीं. रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघून पुढें मळवलीस गेला, एवढाच काय तो आमचा दूरचा संबंध. ही तक्रार नव्हे; परंतु धुरंधरांसारख्या चित्रकाराची संपूर्ण चित्रसूची आम्हीं मराठी लोकांनींच केली नाहीं, तर त्यांचा विचार व्हावा अशी अपेक्षा तरी कोणत्या आधारावर करावी? पोथ्यांच्या बाबतींत जी उणीव तीच येथेंहि. आणि ती म्हणजे नोंदीची.

८. निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावरून आरंभींच्या प्रश्नास उत्तर मिळतें तें असें. चित्रित पोथी ही ग्रंथ कीं चित्र, हा विकल्पच अयोग्य होय. ती दोन्ही आहे, आणि ती अखंड असेल तोंवरच दोन्ही आहे. म्हणून देणगीचें स्थान निवडतांना संस्थेचें नांव राष्ट्रीय कीं प्रांतिक हें न पाहतां, ती पोथी न फोडतां ठेवील काय, पुष्पिकेसह सर्व पत्रांचीं छायाचित्रें घेईल काय, आणि अभ्यासकास ती दाखवील काय, या तीन गोष्टी पाहाव्या. आधुनिक कला संग्रहालयाची कालमर्यादा निराळी असल्यामुळें आमच्या बहुतेक पोथ्यांचें तें स्थान नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील व नंतरच्या सुट्या चित्रांचें, रेखाटनांचें, शिळाछापांचें मात्र असूं शकेल, व तीं ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं चौकशी अवश्य करावी.

देणगी द्यावयाची नसेल त्यांनींहि पुढील गोष्टी कराव्या. पत्रें क्रमानें मोजून संख्या लिहून ठेवावी. पत्राची लांबी-रुंदी, एका पृष्ठावरील ओळी, चित्रांची संख्या व तीं कोणत्या पत्रांवर आहेत हें टिपावें. पुष्पिका जशीच्या तशी, अशुद्धें न सुधारतां, उतरून घ्यावी. पोथी कोणाच्या घरून, कोणत्या गांवाहून, कोणत्या वर्षीं आली हें त्याच दिवशीं लिहावें. पुढील पिढीस तें सांगतां येणार नाहीं. फाटलेल्या पत्रास बाजारी चिकटपट्टी लावूं नये. लाकडी फळ्या व मूळ रुमाल जीर्ण झाले तरी टाकूं नयेत. ते निराळे बांधून पोथीजवळ ठेवावे. आणि या नोंदीची एक प्रत आपल्या घरीं, एक आमच्यासारख्या संशोधनसंस्थेकडे, व एक जिल्ह्यांतील एखाद्या ग्रंथालयांत, अशा तीन ठिकाणीं असावी.

नामदेवरायांच्या नरसीच्या व विसोबा खेचरांच्या औंढ्याच्या या प्रांतांत अक्षराची परंपरा मोठी आहे. तिचें धन किती उरलें आहे हें मोजण्यास कोणी दिल्लीहून येणार नाहीं, आणि येण्याची वाट पाहण्याचें प्रयोजनहि नाहीं. एका तालुक्याची जरी अशी यादी सिद्ध झाली, तरी पुढच्या वेळीं एखादें सुटें चित्र बाजारांत दिसल्यास तें कोणत्या पोथीचें पत्र हें सांगण्यास आधार मिळेल. ज्यांच्या संग्रहीं चित्रित पोथ्या आहेत त्यांनीं वरील रीतीनें टिपणें करून मंडळाकडे धाडावीं. तीं या त्रैमासिकांतून क्रमशः प्रसिद्ध व्हावीं अशी आमची विनंति आहे. इत्यलम्.